तीन बोटं

आमच्या ग्रुपचा नियम साधा होता. दर रविवारी सकाळी प्रत्येकाने आपली तीन बोटं एकावर एक धरून तोंडात उभी घालायची, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. तीन बोटं मावली तर तोंड शाबूत. दोनच मावली तर खर्र्याने, त्या सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाने, आपलं काम केलंय. चहाच्या आधी मोबाइल उघडावा तर वीस-पंचवीस बाप्ये तोंडात बोटं घालून, डोळे वटारून माझ्याकडे बघत असायचे. रुचिताने, माझ्या बायकोने, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून ती भिंतीला टेकली होती.

ग्रुपचं नाव ‘खर्रामुक्त परिवार’. काढला रुचिताच्या मोठ्या भावाने, अनुपभाऊंनी. ते तुमसरला विम्याचं काम करतात. बोलायची हौस दांडगी, समोर दोन माणसं उभी राहिली की सभा सुरू. पण माणूस वाईट नाही. स्वतः खर्रा सोडला, कुठल्यातरी शिबिरात ही तीन बोटांची युक्ती शिकून आले आणि गावोगावच्या लोकांना गोळा केलं. त्यात कंडक्टर होते, मास्तर होते, एक भजीवाला होता आणि मी होतो. मी जीवन, सिहोऱ्याच्या राईस मिलमध्ये मशीनवर असतो.

मी सोडला तो बुद्धपौर्णिमेला. विहारात पंचशील घ्यायला उभा होतो, हात जोडलेले, आणि खिशात घोटलेल्या खर्र्याची पन्नी. पाचवं शील आलं, नशेपासून दूर राहण्याचं, तेव्हा रुचिताने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बाहेर आल्यावर मी पन्नी नालीत टाकली आणि परत घेतली नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात हे कुणालाच खरं वाटलं नाही.

खर्रा सोडल्याचा त्रास झाला, डोकं दुखलं, चिडचिड झाली, पोरांवर उगीच ओरडलो. पण खरा त्रास निराळाच होता. मिलची सुट्टी झाली की सगळे पानठेल्यावर जायचे, आणि मी धान भरलेल्या चुंगड्यांजवळ एकटाच बसायचो. पंधरा वर्षांची दोस्ती त्या ठेल्यावरची होती. आधी त्यांनी बोलावून पाहिलं, मग चिडवून पाहिलं, मग माझ्याशिवाय त्यांचं छान चालायला लागलं. नेमक्या त्या वेळेला आंबागडचे भैय्यालालकाका ग्रुपवर आवाज पाठवायचे. ते जंगल खात्यात मजुरीला जात, वयाने माझ्या वडिलांएवढे, मी त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. म्हणायचे, “जीवन, हात खिशाकडं जाऊन नाही राहिला ना बापा?” मी लिहायचो, नाही जी काका. तेवढ्यावर माझी दुपार निघायची.

सोडला तेव्हा माझ्या तोंडात दोन बोटं मावायची, तीही जरा दाबून. सगळे म्हणाले, धीर धर, उघडेल. काहींचं उघडलं. ज्यांची नुसती जळजळ होती त्यांची जळजळ गेली, ते आधीचा फोटो आणि आताचा फोटो शेजारी लावून टाकायचे आणि खाली टाळ्यांचा पाऊस. माझं उघडेना. दिवाळीपर्यंत दुसरं बोट दाताला अडायला लागलं. धान मिलवर यायला लागलं तेव्हा एकच बोट उरलं. रुचिता भात मऊ शिजवायची, वरणात कालवायची आणि चमचा लहान द्यायची. तिखटाचा कण लागला तरी आत आग व्हायची.

मला जुना फोटो टाकता आला असता. कुणाला कळणार होतं? पण मला वाटलं, परिवार म्हटलंय तर परिवारात काय लपवायचं. टाकला एका बोटाचा फोटो.

मग त्या भजीवाल्याने विचारलं, भाऊ, पुन्हा चालू केला का? आणि हसणारं तोंड लावलं. संध्याकाळी अनुपभाऊंचा फोन. गोड आवाजात म्हणाले, “जवाई, माणूस खोटं बोलते, तोंड नाही बोलत.” मी शपथ घेतली. ते म्हणाले, शपथा तर मीही लय घेतल्या होत्या.

तेव्हा मी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण होती, पण नीट समजावून सांगणारी. म्हणाली, आतली कातडी घट्ट झाली आहे, आणि जी घट्ट झाली ती सहसा पुन्हा सैल होत नाही. सोडल्यावरही कधीकधी आवळत जाते. मी विचारलं, मग सोडून फायदा काय? ती म्हणाली, फायदा मोठा आहे, खात राहिला असतात तर कॅन्सरचा धोका किती वाढला असता, पुन्हा कधी हात लावू नका. इंजेक्शनं सांगितली. कुल्फीच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगितल्या, जमेल तशी एकेक काडी वाढवायची.

हे सगळं मी जसंच्या तसं ग्रुपवर लिहिलं. वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, अरेरे. मूर्ख मी. एकेकाच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं झालं. एकाने लिहिलं, डॉक्टरांना इंजेक्शनं विकायची असतात. मास्तर म्हणाले, म्हणजे आमचंही असंच होणार असं म्हणायचंय का तुम्हाला? कंडक्टरने लिहिलं, सकाळी सकाळी कशाला भ्या दाखवता. भैय्यालालकाका काहीच बोलले नाहीत. शेवटी अनुपभाऊंनी भलामोठा मजकूर टाकला. जो इमानदार आहे त्याचं तोंड उघडतंच, आणि जो लपून खातो तो डॉक्टर पुढे करतो, अशा माणसामुळे परिवाराचं मनोबल खचतं. तो मजकूर मी वाचतच होतो, तेवढ्यात खाली आलं की अनुपभाऊंनी मला काढून टाकलं.

रुचिता भडकली. ती सहसा भडकत नाही, पण भडकली की समोर भाऊ आहे की कोण आहे ते बघत नाही. माझ्यासमोर फोन लावला आणि म्हणाली, “दादा, मी ह्यायचं तोंड कदी हुंगलं नाही, खिसा कदी पाह्यला नाही. माह्या माणसानं सोडला म्हनलं तं सोडला. तुले पटत नसन तं मी तुह्या दारात पाय नाही ठेवत.” आणि नाही ठेवला. पुढच्याच आठवड्यात अनुपभाऊंच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. तिने त्यासाठी घेतलेली निळी साडी घडी न मोडता कपाटात ठेवून दिली. तिची आई फोनवर रडली, तरी ही गेली नाही. मी म्हणालो, जा तू, माझ्यापायी माहेर कशाला तोडते. तिने काड्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकाला लागली.

जगात एका माणसाचा तरी माझ्यावर विश्वास होता, आणि तो माझ्याच घरात होता. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण दुपारी मिलमध्ये सुट्टी झाली की हात मोबाइलकडे जायचा, खर्र्याकडे जायचा तसाच. ग्रुप दिसायचा, आतलं नवं काही दिसायचं नाही. रविवारी सकाळी तर जीव नुसता कासावीस व्हायचा.

मग एक दिवस मिलच्या फाटकाशी एक म्हातारा मला विचारत आला. बुटका, डोक्याला टॉवेल. “जीवन म्हंजे तूच का बापा?” म्हणाला, आणि आवाजावरून मी ओळखलं. भैय्यालालकाका. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले. तेव्हा दिसलं, त्यांचा गाल फुगलेला होता. ते शरमले, बाजूला जाऊन थुंकून आले.

आम्ही चुंगड्यांवर बसलो. त्यांनी आपली बोटं तोंडात घालून दाखवली. दोन. तीही कशीबशी. म्हणाले, तुझा तो फोटो पाहिला आणि त्याच दिवशी ठेल्यावर गेलो. मी त्यांना डॉक्टरणीचं सगळं पुन्हा सांगितलं, कॅन्सरचं सांगितलं, हात जोडून सांगितलं की काका, तोंड उघडो न उघडो, सोडा. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तू खाल्ला ना? सांग ना बापा, लपून खाल्ला म्हून. तू खाल्ला असशीन तं माह्यं तोंड उघडन. तू नसशीन खाल्ला, तं मी कायले सोडू?”

त्यांनी थोडी वाट पाहिली आणि उठून बसस्टॉपकडे गेले. पाठमोरे चालताना त्यांनी खिशातून पन्नी काढलेली मला दिसली.

मी तिथेच उभं राहून अनुपभाऊंना फोन लावला. म्हणालो, कबूल करतो. त्यांचा आवाज एकदम भरून आला, म्हणाले, “जवाई, पडते तो माणूसच. परिवार माफ करते.” आणि ते खरंच होतं. आमच्या ग्रुपमध्ये जो घसरला त्याच्यावर सगळ्यांत जास्त माया असायची. ‘आज चुकलो’ असं कुणी लिहिलं की दिवसभर त्याला उचलून धरायचे. मी कधी चुकलोच नाही, म्हणून माझ्या वाट्याला ते कधी आलं नव्हतं. सगळा दोष मी काकांवर टाकणार नाही. मलाही परत आत जायचं होतं.

आत घेतल्यावर मी आवाज पाठवला. “मी जीवन, सिहोरा. मी लपून खात होतो. म्हनून माह्यं तोंड उघडलं नाही. तुमी सोडला तं तुमचं उघडन.” तोंड उघडत नसल्याने माझे शब्द हल्ली आतल्या आत राहतात. भजीवाल्याने लगेच लिहिलं, आवाजावरूनच कळतंय, आत्तासुद्धा तोंडात आहे. पण त्यालाही मास्तरांनी दटावलं. मग सुरू झालं. शाब्बास, वाघ आहेस, आम्ही तुझ्यासोबत आहोत, नव्याने सुरुवात कर. लाल बदाम नुसते मावेनात. आणि सगळ्यांत शेवटी काकांचा आवाज आला. ते बसमध्ये असावेत, गाडीचा खडखडाट येत होता. “फेकली म्या पन्नी. आजपासून बंद. जय भीम, जीवन.”

मी मिलच्या मागे कोंड्याच्या ढिगाआड जाऊन रडलो. आनंदानेच रडलो, हे सांगायची लाज वाटते. किती दिवसांनी कुणी मला जवळ घेतलं होतं. रुचिताला संध्याकाळी समजावून सांगू, तिला पटेल, ती हसेल, असं मी धरून चाललो. खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडलं खरं, पण एका म्हाताऱ्याच्या जिवासाठी मोडलं, असंही मनाशी जुळवून ठेवलं.

घरी आलो तेव्हा भात कालवून ठेवलेला होता, लहान चमचा वर ठेवलेला. रुचिता खाली बसली होती आणि निळी साडी खाटेवर काढून ठेवलेली होती. तिने मोबाइल पुढे केला आणि माझाच आवाज मला ऐकवला. अनुपभाऊंनी दुपारीच पाठवला होता, बहिणीला बरं वाटावं म्हणून.

मी सगळं सांगितलं. काका आले होते, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो. मी खाल्ला नाही, एकदाही नाही, त्यांना सोडता यावा म्हणून खोटं बोललो. मी थांबल्यावर तिने तो आवाज पुन्हा लावला, शेवटपर्यंत ऐकला.

“दुपारी खरं बोलत होते का आता बोलून राहिले?” ती म्हणाली.

“आता. आताही अन् सोडला म्हनलं तवाही.”

“अन् ह्याच्यात?” तिने मोबाइलकडे बोट केलं. “ह्याच्यात तं तुमचा आवाज जराबी हालत नाही.”

मी म्हणालो, काकांना फोन लावू का. लगेच कळलं की लावता येणार नाही. काकांना खरं सांगितलं तर त्यांची पन्नी परत येणार. अनुपभाऊंना सांगितलं तर ते पुन्हा तेच म्हणणार. डॉक्टरणीचा कागद दाखवला, तर त्यावर तोंड किती उघडतं ते होतं. कशामुळे, ते पाहणाऱ्याने ठरवायचं होतं.

“उद्या तुमसरले जातो,” रुचिता म्हणाली. “दादाले नाही नाही ते बोललो मी. त्याच्या घरी नाही गेलो. मायले रडवलं.” तिने साडी उचलली, पुन्हा ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग ती उठून माझ्याजवळ आली. इतकी जवळ की मला वाटलं, संपलं, तिला पटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो.

“तोंड उघडा,” ती म्हणाली.

मी उघडलं, जेवढं उघडतं तेवढं. तिने नाक माझ्या तोंडाशी आणलं आणि वास घेतला. वास नव्हता, येणार कुठून? ती मागे झाली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे होऊन आणखी एकदा वास घेतला.