खिडकीखालचा पाइप

"पाइप भिंतीबाहेर काढलाय, ते बरोबर. पण काढलाय कुठे ते बघा ना," फिटर शिडीवरून म्हणाला.

मावशींनी मान वर केली. तलावाचे पाणी तापवणाऱ्या गॅस हीटरचा धूर बाहेर टाकणाऱ्या पाइपाचे तोंड भिंतीतून डोकावत होते आणि त्याच्या थेट वर कपडे बदलण्याच्या खोलीची खिडकी होती. ती खिडकी मावशी रोज आल्या आल्या स्वतःच्या हाताने उघडत. आत वाफ कोंडते म्हणून.

"म्हणजे हवा यावी म्हणून मी खिडकी उघडायचे, आणि आत यायचा धूर?"

"नुसता धूर असता तर परवडलं असतं, मावशी. डोळे तरी चुरचुरले असते. गॅस नीट जळला नाही की जो वायू होतो, त्याला ना रंग, ना वास. माणसाला वाटतं, झोप येतेय."

मावशींनी शिडी घट्ट धरली. गेल्याच आठवड्यात त्यांना तशी झोप आली होती.

उपचार केंद्रातला तो कोमट पाण्याचा तलाव त्यांनी अर्धे आयुष्य सांभाळला होता. जमिनीवर पाऊल न टाकता येणारी माणसे त्यांचा हात धरून पाण्यात चालत. पाणी गार असले की आखडलेले सांधे सुटत नाहीत, म्हणून हीटरवर साऱ्यांची भिस्त. थंडीच्या तोंडावर जुन्या हीटरने मान टाकली. घाईघाईत नवा बसवला गेला आणि पाइप जवळच्या वाटेने बाहेर निघाला. तेव्हापासून मावशींचे डोके ठणकू लागले. कुणी विचारले की त्या म्हणत, "आहे म्हणून दुखतंय. नसतं तर काय दुखलं असतं?"

या दुखण्यामागे काहीतरी आहे, हे घरात पहिल्यांदा ओळखले सुनेने. सून अबोल. भांड्याला भांडे लागू नये म्हणून दोघी जणू वेगवेगळ्या फळ्यांवर राहत.

"आई, सुट्टीच्या दिवशी तुमचं डोकं दुखत नाही," ती एकदा जेवताना म्हणाली.

"आराम मिळतो ना."

"आराम नाही. एरवीही घरी आलात की थोड्या वेळानं थांबतंच. तिथलंच काहीतरी आहे."

"माझ्या तलावाला नावं ठेवू नकोस," मावशी म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग ती हातातले काम टाकून निघाली. कपडे बदलण्याच्या खोलीत बाकावर सासू भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. शेजारी गुडघ्यांचे उपचार घेणारे आजोबा, एक बूट घातलेला, दुसरा हातात, हनुवटी छातीवर टेकलेली. सुनेने आजोबांच्या काखेत हात घालून त्यांना फरफटत अंगणात आणले, केंद्राच्या व्यवस्थापकांना हाक मारली आणि ते येईपर्यंत सासूसाठी पुन्हा आत गेली.

दोघेही वाचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघेही हाती लागले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात मावशींनी तिला विचारले, "आधी आजोबांना नेलंस होय?"

सून पांघरूण सारखे करत होती. "तुम्ही शुद्धीवर असता, तर आधी कुणाला ने म्हणाला असता?"

"त्यांनाच," मावशी म्हणाल्या. आजवर त्यांना इतके कुणी ओळखले नव्हते.

व्यवस्थापकांनी त्याच दिवशी तलाव बंद केला होता आणि आता या फिटरला बोलावले होते. त्याने जुने भोक बुजवले आणि मागच्या भिंतीत, जिथे ना खिडकी ना दार, तिथे नवे पाडले. तापलेला पाइप भिंतीच्या लाकडाला लागू नये म्हणून भोकात पत्र्याचे कडे बसवले. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, सांधा न् सांधा पक्का केला, धूर ढकलायला पंखा आणि वारा उलटा शिरू नये म्हणून तोंडावर टोपी. हीटरला ताजी हवा मिळावी म्हणून खाली जाळी, आणि खोलीत तो न दिसणारा वायू ओळखून बोंबलणारे यंत्र.

"आता खुशाल खिडकी उघडा," तो म्हणाला. मावशींनी हात जोडले, तसा तो संकोचून पाने-पक्कड आवरू लागला.

तलाव पुन्हा सुरू झाला त्या दिवशी आजोबा काठी टेकत सर्वांच्या आधी आले. सून सासूला सोडायला आली होती. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते पाण्याकडे गेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती न्यायला आली.

"पाण्यात ये," मावशी म्हणाल्या.

"मला भीती वाटते, आई."

"मी आहे ना."

सून पायरी पायरीने उतरली. मावशींनी तिला हळूच पाठीवर आडवे केले आणि पाठीखाली तळहात धरला. कोमट पाणी कानांशी आले, तशी तिची घट्ट मिटलेली मूठ उघडली.

"काढू हात?"

"नको. असू दे."

मावशींनी हात तसाच ठेवला.