मेहुण्याविरुद्धचा ठराव

रंगाचा कारखाना चालवता चालवता आमदार झालेल्या त्या गृहस्थांना पक्षात सगळे रंगशेठ म्हणत. पक्षाची पहिली बैठक त्यांच्याच गोदामात झाली होती, रंगाच्या डब्यांवर फळ्या टाकून. तेव्हा दोघांनी जिवाचं रान केलं. रंगशेठनी पैसा ओतला आणि त्यांच्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, गल्लोगल्ली सभा घेतल्या. बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा बसला.

त्याच मेहुण्याला आज पक्षातून काढायचं होतं. भर सभेत तो बोलून गेला होता, "नळ कोरडे आहेत, कारण टँकर आपल्याच पुढाऱ्यांचे आहेत."

"ठराव तुम्हीच मांडा," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "घरच्या माणसानं मांडला की कुणाला बोलायला जागा उरत नाही."

"तो खोटं बोलला का, तेवढं सांगा."

"खरं-खोटं कोण विचारतंय, शेठ? निवडणूक तोंडावर आलीय. तुमचं तिकीटही ठरायचंय अजून."

साफ नाही म्हणायचं, असं रंगशेठ घरून ठरवूनच आले होते. बैठकीत उठले तेव्हाही तेच ओठांवर होतं. पण समोरच्यांनी आधीच माना खाली घातल्या होत्या. यातला एकही आपल्या बाजूनं उभा राहणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी ठराव मांडला. चुटकीसरशी मंजूर झाला.

घरी मेहुणा स्वयंपाकघरात बहिणीशी गप्पा मारत बसला होता.

"काय भाऊजी, उडवलं ना मला? आत्ताच कळलं," तो हसत म्हणाला. "कुणी मांडला ठराव? अध्यक्षांच्या त्या चमच्यानंच ना?"

"मी मांडला."

बायकोनं गॅस बंद केला.

"हात वर केला असतात तर समजून घेतलं असतं," मेहुणा बसक्या आवाजात म्हणाला. "पण मांडलात?" बहिणीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून तो निघून गेला.

"अहो, निदान आधी फोन तरी करायचा," बायको म्हणाली. "भाऊजी असताना मला कोण काढतंय, हेच घोकत होता सकाळपासून."

रंगशेठना तिकीट मिळालं, ते निवडूनही आले. मेहुण्यानं राजकारणाचं नाव टाकलं. बहिणीकडे तो अजून येतो, पण रंगशेठ अधिवेशनाला गेले की मगच.

"येऊन गेला," ते परतले की बायको सांगते.

"बरा आहे ना?"

"बरा आहे," ती म्हणते आणि जेवायला वाढायला घेते.