चौथ्या विहिरीचा कागद

"प्रिंटर बंद आहे का गं?" मी सहज विचारलं आणि मब्रूकाच्या टेबलाशी गेले.

तिच्या पडद्यावर प्रिंटरचं चित्र फिकट पडलं होतं. त्याखाली एकच ओळ होती : दोन पानं, रांगेत.

"सगळे कॉफीला गेले म्हणून पाठवलं," ती हळूच म्हणाली. "निघालंच नाही, सालहा."

"काय पाठवलंस?"

"चौथी विहीर."

सोमवारी आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात ट्यूनिसच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं होतं, नोंदीसाठी मब्रूकानंच ते स्कॅन केलं होतं. चौथ्या विहिरीत गटाराचं पाणी मिसळलंय, ताबडतोब बंद करा. त्या विहिरीचं पाणी मुलींच्या शाळेत जातं, आणि शाळेतल्या अकरा पोरी काविळीनं पडल्या होत्या. पण दोनच महिन्यांपूर्वी गव्हर्नरांनी त्या विहिरीची फीत कापली होती. आमचे साहेब लझर, सगळे त्यांना मानानं 'सी लझर' म्हणत, यांनी पत्र खणात टाकलं आणि मासिक अहवालात 'पाणी पिण्यायोग्य' असं लिहायला सांगितलं. मब्रूकानं निमूटपणे टाइप केलं. तेवीस वर्षं साहेब सांगतील ते ती टाइप करत आली होती. नवरा मोंजी अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर. शाळेच्या मुख्याध्यापिका दोनदा चौकशीला आल्या, दोन्ही वेळा हिनंच त्यांना कॉफी देऊन परत पाठवलं.

आणि प्रिंटर होता बाहेरच्या व्हरांड्यात, सी लझरांच्या दारासमोर.

"काढून टाक ना ती ओळ."

"कधीची काढतेय." ओळीपुढे 'काढत आहे' एवढंच येत होतं, ओळ काही हलत नव्हती. तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. ओळ तिथेच. तेवढ्यात दारात सी लझर उभे.

"मादाम मब्रूका, माझं काही छापून येत नाहीये. बाराला गाडी निघते, अहवाल गव्हर्नरांकडे जायचाय. बघा जरा."

"दुरुस्तीवाल्याला बोलवायचं का?"

"तो उद्या उगवेल. दर वेळी तुम्हीच तर लावता." त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारीच बसले. तिनं रांगेची खिडकी कशीबशी खाली दडवली.

खरंच, कार्यालयात कोणाचाही कागद अडकला की हाक मब्रूकालाच. आज मात्र प्रिंटर चालू होऊ नये असं तिला वाटत होतं, आणि तोच चालू करायला ती बसली होती. काल संध्याकाळी इंटरनेटवाला नवा डबा बसवून गेला, तेव्हा प्रिंटरचा नेटवर्कवरचा क्रमांक बदलला असणार, हे तिला लगेच कळलं. तरी तिनं आधी भलतंसलतं उघडून पाहिलं. शेवटी साहेबच कंटाळून म्हणाले, "तारा तर नीट आहेत ना?" तेव्हा तिनं मला प्रिंटरवरचा क्रमांक वाचून यायला पाठवलं.

व्हरांड्यात वाटलं, चुकीचा आकडा सांगावा. पण मग साहेब तिच्या शेजारून उठलेच नसते. मी खरा सांगितला.

तिनं तो भरला. चित्र ठळक झालं.

"झालं?" म्हणत साहेब उठले आणि अहवाल पाठवायला आपल्या खोलीत गेले.

अर्धं मिनिट मिळालं असेल. छपाईची सेवाच थांबवली की अडकलेली रांग पुसता येते, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते बटण उघडलंही.

"दाब ना," मी म्हटलं.

तिनं हात मागे घेतला. "किती वेळा काढू गं?"

व्हरांड्यात यंत्र घरघरलं.

सी लझर आले ते दोन पानं हातात घेऊनच. "हे कोणाचं?"

मी समोरच्या फाइलीत बघत राहिले.

"माझं, सी लझर."

"कशाला?"

"शाळेच्या बाईंना द्यायचंय." आवाज अगदी बारीक झाला होता. हात तिनं टेबलाखाली लपवले होते.

ते ओरडले नाहीत. "मोंजी कसा आहे आता?"

"पडूनच असतो."

"मग त्याचा विचार करा." त्यांनी पानांची चौपदरी घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि गेले.

मब्रूकाच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी पाण्याची बाटली पुढे सरकवली, ती तिला दिसलीसुद्धा नाही. मग तिनं खुर्ची पुढे घेतली, ते पत्र पुन्हा उघडलं, प्रतींच्या चौकटीत दोनचा आकडा घातला आणि कळ दाबली.

विहीर पुढच्या आठवड्यात बंद झाली, आणि त्याच आठवड्यात मब्रूकाची बदली लांबच्या मीटरच्या गोदामात झाली. पण त्या क्षणी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. बाहेर यंत्र सुरू झालं एवढंच ऐकू आलं. ती उठायला लागली.

"राहू दे, मी आणते," मी म्हणाले.

साहेबांचं दार उघडं होतं. मी तिकडे पाहिलं नाही. कागद अजून गरम होते. ते पालथे करून छातीशी धरावेत असं मनात आलं. मी ते तसेच, अक्षरं वर ठेवून, आत आणले.