आठ खुर्च्यांपुढची सुरी

मित्रांनो, माझं वय चौतीस वर्षं. सुरीच्या जातीत एवढं आयुष्य क्वचित कुणाला मिळतं. मला मिळालं ते माणसांच्या हातांमुळे. मधे एकदा मी जवळजवळ संपलेही होते. ती हकीकत आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म जपानातल्या साकाई गावचा. तिथल्या एका लोहाराने मऊ लोखंडावर कडक पोलादाची पट्टी बसवली, भट्टीत लाल केली आणि पाण्यात बुडवली. हत्याराला पाणी देणं म्हणतात ते हेच. त्या पाण्यानेच मला धार धरायची ताकद आली. मी लांबट आहे, एका बाजूने उतरती आणि दुसऱ्या बाजूने सपाट. माझं काम एकच, शिजवलेला किंवा कच्चा मासा एका ओढीत कापायचा. करवतीसारखं मागेपुढे करायचं नाही, दाब द्यायचा नाही.

लोहाराकडून मी ओसाका शहरातल्या ओकादा नावाच्या आचाऱ्याकडे आले. त्यांचं हॉटेल एका गल्लीत होतं. नाव मोठं, पण जागा आठ-दहा माणसांची. तिथे जेवायची रीत निराळी. पाहुण्यापुढे पदार्थांची यादी येत नाही. पाहुणा म्हणतो, ‘ओमाकासे’, म्हणजे ‘आज काय खायचं ते तुम्हीच ठरवा.’ मग आचारी त्या दिवशी जे उत्तम मिळालं असेल ते एकेक घास करून त्याच्यापुढे ठेवतो. ओकादांकडे मी वीस वर्षं राबले. रोज काम झालं की ते मला धुवून, कोरडी करून, कापडात गुंडाळून ठेवत.

मग एके दिवशी रूपा साळवे तिथे आली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूलची मुलगी. हॉटेलचं शिक्षण शहरात घेतलेलं, जपानी भाषा संध्याकाळच्या वर्गात शिकलेली. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, ते ती कॉलेजात असतानाच वारले. आई वच्छलाबाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. ओकादांनी रूपाला पहिलं वर्षभर फक्त तांदूळ धुवायला लावलं. दुसऱ्या वर्षी भात. तिसऱ्या वर्षी कुठे मी तिच्या हातात पडले. काही जुन्या गिऱ्हाइकांनी कुरकुर केली की बाईचे हात गरम असतात, तिच्या हातचा मासा चांगला लागत नाही.  दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकांपुढे ओकादांनी रूपाला उभं केलं आणि स्वतः मागे भांडी विसळायला गेले. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

सहा वर्षं गेली. ओकादांचे गुडघे थकले, त्यांनी हॉटेल बंद केलं. निरोप घेताना त्यांनी मला दोन्ही हातांनी रूपापुढे धरलं. अशी मी तिच्या सामानातून छत्रपती संभाजीनगरात आले.

क्रांती चौकामागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, रूपाने आपलं हॉटेल काढलं. सागवानी फळीचा लांब ओटा, त्यापुढे आठ खुर्च्या, बस्स. नाव ठेवलं ‘ओंजळ’. शहराबाहेरच्या शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे शहरात परदेशी माणसं येऊ लागली होती आणि इथल्या लोकांनाही नवं चाखायची हौस होती. मासा कोचीहून विमानाने मुंबईला आणि तिथून दुसऱ्या विमानाने इथे यायचा, बर्फाच्या पेटीत.

वच्छलाबाईंना हे सगळं पटत नव्हतं. त्यांनी तीस वर्षं दोनशे मुलींना जेवू घातलेलं. आठ माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं त्या म्हणायच्या. तरी निवृत्त झाल्यावर त्या रोज मुलीबरोबर येऊ लागल्या.

सुरुवातीचे पाहुणेही मजेशीर असत. शेंद्र्याकडचे साहेबराव पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ ताटातल्या कच्च्या माशाकडे बघत बसले. त्यांची जमीन कारखान्यांत गेली होती, मुलं शहरात नोकरीला होती, म्हणून आता तेही शहरातच राहत. शेवटी त्यांनी रूपाला हळूच विचारलं, जरा विस्तवावर धरता येईल का. रूपाने हसून त्यांचा मासा निखाऱ्यावरून फिरवून दिला. बारा घास संपल्यावर त्यांनी जेवण कधी वाढणार म्हणून चौकशी केली. पण पुढच्या आठवड्यात ते बायकोला घेऊन पुन्हा आले.

तरी आठही खुर्च्या भरलेल्या क्वचितच दिसत. रूपा हसतमुख असायची, पण हॉटेल बंद झाल्यावर रिकाम्या ओट्यावर फडकं फिरवताना तिचा हात जड झालेला मला कळायचा.

त्यातच तो दिवस आला. दुपारची गडबड होती. बर्फात घट्ट चिकटलेला मासा काही केल्या सुटेना. रूपा भाताजवळ अडकलेली. लेकीला हातभार लागावा म्हणून वच्छलाबाईंनी जवळ पडलेल्या मला उचललं, माझं टोक बर्फात घातलं आणि पिरगाळलं. टच्. टोक मोडलं आणि धारेतून जोंधळ्याच्या दाण्याएवढा टवका उडाला.

रूपा धावत आली. तिने मला उचललं, उजेडात धरलं. 

“आई, ही तुझ्या मेसमधली सुरी नाय,” ती म्हणाली. “कळत नाय तिथं हात कशाला घालतीस?”

भांडी घासणाऱ्या बायका थबकल्या.  वच्छलाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, पिशवी उचलली आणि त्या जिना उतरून गेल्या.

रूपाने मला तशीच ओली खणात टाकलं. मित्रांनो, तो खण मी कधी विसरणार नाही. चार दिवसांत माझ्यावर तांबूस ठिपके आले, पंधरा दिवसांत ते पसरले. वर ओट्यावर नवी, यंत्रावर बनलेली सुरी कामाला लागली. मोडल्याचं मला दुःख होतं, पण त्याहून जास्त दुःख रूपाच्या गप्प होण्याचं होतं. मायलेकी एकाच घरात राहत होत्या आणि बोलणं मीठमिरचीपुरतं उरलं होतं. वच्छलाबाई हॉटेलात यायच्या बंद झाल्या. रूपाला माफी मागायची होती, पण रोज काहीतरी काम निघायचं आणि ते बोलणं उद्यावर जायचं.

एके सकाळी खण उघडला. वर वच्छलाबाईंचा चेहरा होता. साफसफाई करणारी बाई तेवढी आलेली. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षाने शहागंजात नेलं. तिथे रस्त्याच्या कडेला सांडूमामा बसायचे. शिंप्यांच्या कात्र्या आणि खाटकांचे सुरे यांना धार लावण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी मला नखाने टिचकी मारली, कानाशी धरलं, सपाट बाजू डोळ्यापुढे आडवी धरून बघितली आणि पाय चाकावरून खाली घेतला.

“बाई, ये चाक की चीज नाय,” ते म्हणाले. “चाकावर धरली तर तापल अन् पाणी उतरल. मग नुसतं पत्र्याचं पातं ऱ्हाईल. हातानंच घासावी लागल. लई दिवस लागतील.”

वच्छलाबाई म्हणाल्या, लागू द्या. मामांनी विचारलं, मोडली कुणी?

“म्याच मोडली.”

“मग बसा इथं,” मामा म्हणाले, “अन् पाणी घाला.”

नऊ सकाळी असं चाललं. मामा दगडावर मला हळूहळू ओढायचे आणि वच्छलाबाई तांब्यातून थेंब थेंब पाणी सोडायच्या. टवका भरून येत नसतो; त्याच्या खालपर्यंत सगळी धार झिजवावी लागते. मी दोन बोटं आखूड झाले, रुंदीलाही कमी झाले. पण गंज गेला, टोक पुन्हा आलं. नवव्या दिवशी मामांनी वहीचा कागद हवेत धरला आणि मला त्यावरून नुसतं सोडलं. कागद आवाज न करता दोन झाला. वच्छलाबाईंनी तोंडावर पदर धरला.

त्याच दिवशी दुपारी रूपापुढे संकट उभं होतं. मुंबईहून येणारं विमान रद्द झालं होतं. माशाची पेटी तिकडेच अडकली. संध्याकाळी सातला आठ पाहुणे यायचे होते, साहेबराव, त्यांची पत्नी आणि एका कारखान्याचे सहा जपानी इंजिनीअर. त्या सहांतले मुख्य साहेब मोरिता. जेवण पसंत पडलं तर कारखान्याच्या सगळ्या पाहुण्यांना इथेच आणायचं, असं त्यांनी कळवलं होतं. आणि रूपाने तर घरमालकाला सांगून ठेवलं होतं की महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर जागा सोडते. ती फोन हातात घेऊन बसली होती, सगळ्यांना ‘येऊ नका’ सांगायला.

तेवढ्यात वच्छलाबाई जिना चढून आल्या. त्यांनी टॉवेल ओट्यावर ठेवला आणि उलगडला. रूपाने माझ्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला.  मग तिने विचारलं, रोज सकाळी तू कुठं जातेस ते हेच का. आई म्हणाल्या, व्हय, पाणी घालायला.

मासा आला नाही हे कळल्यावर वच्छलाबाई खुर्चीवर बसल्या.

“वसतिगृहात कधी गॅस संपायचा, कधी नळाला पाणी नसायचं,” त्या म्हणाल्या. “पर दोनशे पोरींतली एक बी पोरगी उपाशी झोपली नाय. तूच तर सांगतीस, इथं येणारा माणूस म्हणतो तुम्हीच ठरवा. मंग ठरव की. कोचीचाच मासा पायजे असं कुठं म्हणला त्यो?”

रूपाने फोन खाली ठेवला.

दोघी मासळी बाजारात गेल्या. नाथसागराची, म्हणजे पैठणच्या धरणाची मासळी आली होती. मरळ घेतला, वाम घेतली. नदी-तळ्यातला मासा कच्चा खायचा नसतो, त्यातून पोटात जंतू जातात, हे रूपाला ठाऊक होतं. म्हणून आज सगळं विस्तवावर. हुरड्याचे दिवस होते, कोवळी कणसं घेतली. दौलताबादचे पेरू घेतले. परत आल्यावर वच्छलाबाईंनी हाताला राख लावली, कारण वाम राखेशिवाय हातात ठरत नाही, आणि आपल्या विळीवर तिचं पोट साफ केलं. रूपाने शेगडी पेटवली.

सात वाजता पाहुणे आले. एका इंजिनीअरला ताप भरला होता म्हणून ते सातच होते. आठवी खुर्ची रिकामी होती. रूपाने आईला हाताला धरून तिथे बसवलं. अशा खुर्चीत, पाहुणी म्हणून, वच्छलाबाई आयुष्यात पहिल्यांदा बसत होत्या.

मग माझं काम सुरू झालं. भाजलेल्या मरळाचे तुकडे मी एका ओढीत कापले, एकही विस्कटला नाही. भातात भाजलेला हुरडा घातलेला, वर गोडसर रस लावून निखाऱ्यावर परतलेली वाम. मोरितांनी तो घास खाल्ला आणि चावणं संपेपर्यंत मान खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, हा मासा कुठला. रूपाने सांगितलं, गोदावरीचा, पैठणच्या धरणातला. ते म्हणाले, दोन वर्षं मी या शहरात राहतोय, पण या शहरात जेवलोय असं आज पहिल्यांदा वाटतंय.

साहेबरावांची पाळी आली. काड्यांनी खाणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी सरळ तळवा पुढे केला. रूपाने घास त्यांच्या तळव्यावर ठेवला, तिची बोटं त्यांच्या हाताला लागली, आणि त्यांनी तो तसाच तोंडात टाकला. शेजारी वच्छलाबाई बघत होत्या. त्यांच्या आईला गावात पाणी लागलं तर हात लागू नये म्हणून लांबून, वरून ओंजळीत ओतलं जायचं. ही गोष्ट त्यांनी रूपाला लहानपणी कितीदा सांगितली होती. साहेबराव घास संपवून म्हणाले, “पोरी, अजून एक दे,” आणि पुन्हा हात पुढे केला. वच्छलाबाई ओट्याच्या लाकडाकडे बघत राहिल्या.

रूपा आईपुढे आली. घास त्यांच्या तळव्यावर ठेवला, पण हात मागे घेतला नाही.

“आई, त्या दिवशी माझं चुकलं,” ती म्हणाली.

वच्छलाबाई म्हणाल्या, “खाऊ दे आधी. निवंल ते.”

त्यांनी घास खाल्ला, डोळे पुसले आणि मीठ किंचित कमी आहे म्हणून सांगितलं. रूपा हसली. मग तिने मला उचललं आणि पुढचा तुकडा कापायला घेतला.

मित्रांनो, त्या एका संध्याकाळने सगळं सोन्याचं झालं असं मी म्हणणार नाही. अजूनही एखाद्या दिवशी तीनच खुर्च्या भरतात. पण जागा सोडली नाही. मोरितांची माणसं येतात. आठवड्यातले दोन दिवस फक्त आपल्या नदीचं आणि आपल्या शिवारातलं जेवण असतं, त्या दिवसांसाठी लोक आठवडाभर आधी विचारतात. महिन्यातून एकदा रूपा मला घेऊन शहागंजात जाते आणि सांडूमामांच्या शेजारी बसून दगड कसा धरायचा ते शिकते. मामांना आता नीट दिसत नाही, ते धार बोटाने वाचतात.

प्रत्येक वेळी धार लावली की मी थोडी कमी होते. अजून दहा-बारा वर्षं पुरेन. त्याचं मला वाईट वाटत नाही. खणात पडून झिजण्यापेक्षा हातात राहून झिजणं मला हजारदा आवडेल.

तुमच्याही घरात एखादी वस्तू मोडेल. तेव्हा ती कुणी मोडली हे आधी विचारू नका. ती नीट करणारे हात तुमच्या गावात कुठे बसतात ते शोधा, त्यांच्यापाशी जा, आणि ते काम करत असतील तोवर जवळ बसा. जमलं तर ज्याच्या हातून मोडली त्यालाही बरोबर न्या.