शेऱ्याचा रकाना

“शून्य. एकपण नाही सापडला,” साक्षी स्क्रीनकडे बघत म्हणाली.

काउंटरच्या पलीकडे गारगोटी गावचा पंप मेकॅनिक भाऊसो उभा होता. पोत्यात गुंडाळून आणलेलं पंपाचं शंखाच्या आकाराचं फुटकं केसिंग त्यानं टेबलावर आदळलं. “शून्य कसं? ह्यो बगा की शंख! हितंच वतलेला हाय, बापाच्या काळात. मे महिना हाय बाई. पाणी संस्थेचा पंप आठ दिवस बंद हाय, ऊस माना टाकाय लागलाय.”

जोतीराम खुर्चीतून उठू लागला. शिरोलीच्या या फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्न स्टोअर, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांचं कोठार, त्याच्या ताब्यात होतं. गिऱ्हाईक दिसलं की उठायचं आणि लाकडी पॅटर्न काढून हातात द्यायचा, ही खोड. गुडघे गेले, पण खोड गेली नाही.

“बसा काका,” धाकटे मालक अमरसिंह म्हणाले. “महिनाअखेरीला तुम्ही रिटायर होणार. मग ह्या मशीनलाच शोधायचंय. आज त्येला शोधू दे. न्हाय जमलं तर शनिवारी माळा रिकामा करतो. बिननंबरी लाकडं कुणासाठी ठेवायची?”

माळ्याचं नाव निघालं तशी जोतीरामची नजर वर गेली. वर चारशे बिननंबरी नग होते, त्यातले निम्मे पॅटर्न घडवणाऱ्या ज्ञानू मिस्त्रीच्या हातचे. ज्ञानू जाऊन बारा वर्षं झाली होती. दोघांनी एका डब्यात जेवण केलेलं. कंपनीच्या एकाही कागदावर ज्ञानूचं नाव नव्हतं. ते होतं लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं आणि जोतीरामच्या डोक्यात. आता डोकं रिटायर होणार आणि लाकूड भट्टीत जाणार.

“मालक, शंखाचा पॅटर्न तिसऱ्या मांडणीत हाय,” तो म्हणाला. “पर त्येचा कोअरबॉक्स दोन हजार पाचच्या पुरात गेला.”

भाऊसोचा चेहरा उतरला. पॅटर्ननं बाहेरचा आकार मिळतो, आतली पोकळी मिळते ती कोअरबॉक्समधून. दोन्हींतलं एक नसेल तर केसिंग ओतायचं कसं, हे मेकॅनिकला कुणी सांगायला नको.

जोतीराम मात्र वेगळ्याच विचारात होता. स्टोअरच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायला चार महिने साक्षी रोज पेठ वडगावहून येऊन त्याच्या शेजारी बसली होती. तिचा डेटाबेस वहीसारखा ओळीओळीचा नव्हता. प्रत्येक वस्तू एक ठिपका, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा: हा पॅटर्न अमक्या पंपाचा, तो पंप तमक्या गावाचा, पॅटर्न केला ज्ञानूनं. “म्हंजे सोयरीक की,” जोतीराम पहिल्याच दिवशी म्हणाला होता, आणि मग सांगतच सुटला होता.

“बाळ, शंख तर मी सांगितल्याला. शेऱ्याच्या रकान्यात बघ.”

साक्षी घुटमळली. “काका, शोध कुठं कुठं घ्यायचा ते आधी सांगावं लागतं त्याला. मी फक्त नाव आणि नंबर दिलेत. शेरा घेतलाच नाही. त्यात म्हणजे... गप्पाच जास्त आहेत.”

जोतीराम हळू म्हणाला, “चार महिनं मी गप्पा हाणत हुतो व्हय, साक्षीबाई?”

बाळची बाई झाली तशी पोरगी कानापर्यंत लाल झाली. “चुकलं माझं. घेते शेरा. पण आधीच्या नोंदी आपोआप येणार नाहीत, सगळी शोधसूची पहिल्यापासून बांधायला लागेल. वीस मिनिटं.”

“च्या सांगा,” अमरसिंह म्हणाले आणि घड्याळ बघत बसले.

चहा संपला. साक्षीनं पुन्हा ‘शंख’ लिहिलं आणि कळ दाबली.

दोन.

पहिला निकाल तिसऱ्या मांडणीतला पॅटर्न होता. दुसरा तिनं मोठ्यानं वाचला: “माळा, डावा कोपरा. नंबर नाही. गुंडू वरून सांगतो, शंखासारखी पोकळ पेटी, पुरातला चिखल, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय.”

जोतीरामनं कप खाली ठेवला. शिडी चढवत नव्हती म्हणून माळ्यावरचं सगळं स्टोअरचा मदतनीस गुंडू यानं वरून ओरडून सांगितलेलं, त्यानं खालून साक्षीला लिहायला लावलेलं. पुरातून निघालेली पेटी कुणीतरी तशीच माळ्यावर टाकली असावी, त्यानं ती डोळ्यांनी पाहिलीच नव्हती.

“गुंडू!” तो ओरडला. “डावा कोपरा! सावकाश घे रं!”

गुंडूनं पेटी खाली आणली. जोतीरामनं धोतराच्या सोग्यानं चिखल पुसला. आत ज्ञानूचं वळणदार अक्षर होतं, तारखेसकट. जोतीरामला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. भाऊसोनं फुटक्या केसिंगची आतली पोकळी पेटीच्या पोकळीशी मापून पाहिली, माप तंतोतंत जुळलं.

“मंगळवारी न्या पावणं,” अमरसिंह म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते मागे वळले. “आणि काका, माळा ऱ्हाऊ द्या.”

साक्षीनं दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढली. “जोडी लावणारा म्हणून तुमचं नाव घालते.”

“गुंडूचं घाल. वर त्यो चढलाता.” मग म्हणाला, “आणि ज्ञानू लिहून बघ की.”

तिनं लिहिलं. दोनशे अकरा निकाल आले. पडदा भरला तरी यादी खाली सरकतच होती. जोतीराम चष्मा पुसून पुसून वाचत राहिला.

“जोतीरामकाका, हायसा का?” दारातून कुणीतरी हाक मारली. तुटका वॉल्व्ह हातात घेऊन नवं गिऱ्हाईक आलं होतं.

जोतीरामनं गुडघ्यांवर हात टेकले, अर्धा उठला. क्षणभर तसाच राहिला आणि पुन्हा खाली बसला.

“तिला इचारा पावणं,” तो म्हणाला. “तिला सगळं ठावं हाय.”