उशीखालच्या गोळ्या

“ह्या गोळ्या कशाच्या?” उशी बाजूला सारत रेक्टरबाईंनी विचारलं.

“पाळीच्या. डॉक्टरांनी दिल्यात.” मुलगी खाटेवरून उठून उभी राहिली. “रक्त फार जातं माझं.”

“मला गुंडाळू नकोस. मूल राहू नये म्हणून घेतात ह्या, एवढं कळतं मला.”

“त्याच याच्यासाठीही देतात, बाई.”

खोलीतल्या मैत्रिणीने पुस्तकात डोकं खुपसलं. तिनेच ही गोष्ट बाईंच्या कानावर घातली होती.

बाईंचं अर्धं आयुष्य ह्या वसतिगृहात गेलं होतं. पूर्वी एक मुलगी कुणाबरोबर तरी निघून गेली, तेव्हा तिच्या वडिलांनी बाईंना चारचौघांत फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून कुणी फोनवर हळू आवाजात बोललं, तरी बाईंचे कान टवकारायचे. त्यांनी गोळ्या मुठीत घेतल्या आणि मुलीच्या आईला फोन लावला.

दोन दिवसांनी, आई गावाहून येण्याआधीच, मुलगी स्नानगृहात कोसळली. रक्त थांबेना. मैत्रीण आणि बाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

“चालू गोळ्या मध्येच कुणी बंद केल्या?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “आधीच हिच्या अंगात रक्त नाही.”

मैत्रीण रडू लागली. बाई म्हणाल्या, “मी काढून घेतल्या.”

आई आली, ती थेट लेकीच्या उशाशी. डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनेही मान डोलावली. त्या बाहेर जाताच मात्र ती लेकीच्या कानाशी वाकली. “आता आपणच आहोत. खरं सांग, दुसरं काही नाही ना?”

मुलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दारात उभ्या असलेल्या बाईंना ते ऐकू गेलं. नाही हो, तसं काही नाही, असं म्हणायला त्या एक पाऊल पुढे झाल्या. पण आईने त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्या तशाच मागे सरल्या.

बरी झाल्यावर मुलीला घरी नेलं. ती परत आली नाही.

एका दुपारी बाई स्वयंपाकघरात गेल्या, तर पहिल्या वर्षाची एक पोरगी एका हाताने पोट दाबून पाणी तापवत होती. बाईंना पाहताच तिने शेकायची पिशवी टॉवेलखाली लपवली.

“दुखतंय का गं?”

“नाही बाई. चहा करत होते.”

ती तशीच निघून गेली. पाण्याला उकळी आली. बाईंनी शेगडी बंद केली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या, म्हणजे तिला परत येता येईल.