कारभार मालनबाईंकडं

"माका ह्या जमूचा नाय, नाना!" कोंडीराम गुरुजींनी हजेरीचं बुक टेबलावर आदळलं. "तीस वर्सा खडू झिजवलंय मी. आता ह्या काल इलेल्या पोरीचो हुकूम आयकू? आणि तीसुद्धा..."

पुढचं त्यांनी गिळलं, पण नानांना कळायचं ते कळलं. मालनबाई दारातच उभ्या होत्या, त्यांनाही कळलं. नायगावच्या चाळीतली नवी शिक्षिका, दोन वर्षांमागं सगळं घर धम्मात गेलेलं. असली अर्धी सोडलेली वाक्यं ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

"गुरुजी, या महिन्याचा कारभार मालनबाईंकडं," नाना म्हणाले. "आधी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

"कशाक हो म्हणू? हेडमास्तर तुमी. तुमी सांगायचा, आमी करायचा."

"तेच तर मोडायचंय मला."

लालबागच्या गल्लीतली ती शाळा नानांनीच वाढवलेली. पण आदल्या साली विषमज्वरानं ते अंथरुणाला खिळले आणि बरे होऊन आले तर बघतात काय, खडूचं कपाट बंद, कारण किल्ली नानांच्या उशाखाली. नळ तुटलेला, पोरं तहानलेली, आणि मास्तर मंडळी जिथल्या तिथं बसून. "तुम्ही सांगितलं नव्हतंत ना," त्यांतल्या सुंदराबाई म्हणाल्या.

नानांना बापाची आठवण झाली. कोकणात बाप असाच सगळी शेती एकहाती हाकायचा. पोरांच्या हातात नांगराची मूठ कधी दिली नाही. तो गेला त्या सालात कुठल्या चोंढ्यात कुठलं भात पेरायचं हे कुणाला सुधरेना. पाऊस पडत राहिला नि शेत पड राहिलं. शाळेचं तसं व्हायला नको म्हणून नानांनी ठरवलं, दर महिन्याला एकेकानं शाळा चालवायची. आपण नुसता तिसरीचा वर्ग घ्यायचा.

श्रावण सरत आला होता. सकाळी सर येऊन गेली नि मागोमाग असं ऊन पडलं की रस्त्यातून वाफा निघायला लागल्या. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा संध्याकाळी निघायचा होता, तो दुपारीच निघाला. शाळा भरलेली, आणि फाटकावर गंगुबाई येऊन धडकली. चाळीतली बाई, पदर खोचलेला, मागं आणखी पाचपंचवीस बायका.

"आवं मास्तर! नाक्यावर पोलिसाच्या गाड्या आल्यात! माजं पोरगं द्या माज्या ताब्यात! मागल्या खेपेला माजा दीर भाजी आणाया गेला, त्यो गोळी खाऊन पडला! आता न्हाई कुनाचं ऐकायची मी!"

फाटक खडाखडा हलायला लागलं. वर्गावर्गांतून पोरं रडायला लागली. सगळे मास्तर व्हरांड्यात जमले नि सगळ्यांची तोंडं नानांकडं.

"नाना, काय करायचं?" सुंदराबाईंनी विचारलं.

नानांच्या डोक्यात उत्तर तयार होतं. फाटकाला कुलूप, पोरं आतल्या खोल्यांत, खिडक्या बंद. मागं दोनदा त्यांनी तसंच केलं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. ते त्यांनी माघारी ढकलले.

"मला नका विचारू. मालनबाईंना विचारा."

मालनबाईंनी तळव्यांचा घाम पदराला पुसला.

"पोरं घरी पोचवायची," त्या म्हणाल्या. "आत्ताच. मोर्चा याच गल्लीच्या तोंडावरनं जाणार. आपण आतनं कुलूप घातलं तर बाया हटायच्या नाहीत, नि लाठी चालली की आपल्याच फाटकावर माणसं चेंगरतील. चाळीवार रांगा करा. एका रांगेला एक मास्तर."

चुकतेय ही, नानांच्या मनात आलं. रस्त्यावर एका पोराला जरी काही झालं तर? त्यांनी खांबाला धरलं.

"नाना, तुमी गप कित्या?" गुरुजी ओरडले.



मालनबाई फाटकाशी गेल्या. "गंगुबाई, तुमच्या चाळीची सगळी पोरं तुमच्या हवाली. एकट्या आपल्याचा हात धरून पळायचं नाही. बोला, जमंल?"

गंगुबाईनं फाटक सोडलं. "जमंल की! का न्हाई जमायचं?"

मग मालनबाई गुरुजींकडं वळल्या. "काळाचौकीची पोरं तुमच्याकडं, गुरुजी. सगळ्यांत लांबची वाट आहे, आणि ती पोरं तुमचंच ऐकतात."

"आणि वाट बंद असली तर? माघारी येऊन तुका इचारू?"

"नका येऊ. तिथं तुम्ही ठरवाल ते खरं."

इतक्या वर्षांत असं गुरुजींना कुणी म्हटलं नव्हतं. छत्री काखेत मारून ते पोरांच्या पुढं झाले.

एकेक रांग गल्लीत शिरली. शाळा ओस पडली. थोड्या वेळानं सुंदराबाई परतल्या, मग बाकीचेही आले. मोठ्या रस्त्यावरून घोषणा ऐकू येत होत्या. त्या एकदम तुटल्या. धप्प धप्प आवाज झाले नि वाऱ्याबरोबर डोळे झोंबायला लागले. अश्रुधूर सोडला होता. कोंडीराम गुरुजींचा पत्ता नव्हता.

"नाना," मालनबाई फाटकाचा गज धरून म्हणाल्या, "माझं चुकलं असेल तर?"

"मला वाटलं होतं चुकतंय."

"मग थांबवलं का नाही मला?"

"थांबवलं असतं तर पुन्हा सगळे माझ्याच तोंडाकडं बघत बसले असते." नाना चपला पायांत सरकवू लागले. "पण आता राहवत नाही. मी बघून येतो."

"नाही जायचं." मालनबाई फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. "कुणाचं घर बंद असलं, पोरं माघारी आली, तर त्यांना सांभाळायला तुम्ही इथं पाहिजे. बसा तुम्ही."

हेडमास्तर झाल्यापासून नानांना कुणी बसा म्हणून दरडावलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या नि व्हरांड्यात बसून राहिले.

धूर विरला. गल्लीच्या तोंडाशी कोंडीराम गुरुजी दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, केसांत लाकडाचा भुसा, छत्री गायब. नानांना ओलांडून ते सरळ मालनबाईंपुढं उभे राहिले.

"बाई, पोचली सगळी." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'बाई' आलं. "रस्त्यात पोलिसांची गाडी आडवी. धोंडे पडत होते. मग म्हटलं, ठरवायचं आपणच. रे रोडच्या अंगाला लाकडाच्या वखारी आहेत ना, त्यांतून काढली. पाणी हे एवढं! पोरांना म्हटलं, पुढल्याचा सदरा धरा, पाऊल माझ्या पावलावर टाका. भातशेतीच्या बांधावरून चालतात तशी नेली. एक रडलं नाही." मग ते नानांकडं वळले. "एक रडूक नाय, नाना!"

आठवडा गेला नाही तो वरच्या कचेरीतला साहेब आला. वरचा हुकूम नसताना पोरं रस्त्यावर काढली कुणी?

"जबाबदारी माझी," नाना म्हणाले.

"हुकूम माझा होता," मालनबाई म्हणाल्या.

"सगळी धड पोचली हे नशीब समजा," साहेब गुरगुरला.

"नशीब कसला, साहेब? त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही नेली," गुरुजी म्हणाले. साहेबानं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

मालनबाईंची बदली शीवच्या शाळेत झाली, पहिलीच्या वर्गावर. निघताना त्या नानांच्या पाया पडायला वाकल्या, तर नाना मागं सरले. त्यांना तोंड वर करवेना. हिला पुढं केलं आपण, नि भोगायचं हिनं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पुरे झाला हा खेळ, उद्यापासून कारभार पुन्हा आपल्याकडं, त्यांनी ठरवलं.

सकाळी ते लवकर आले नि घंटेकडं निघाले. घंटेपाशी कोंडीराम गुरुजी आधीच उभे.

"तुमचो तिसरीचो वर्ग वाट बघता, नाना. ह्या महिन्याचो कारभार माझ्याकडं."

"गुरुजी, मालनबाईंचं काय झालं ते बघितलंत ना?"

"बघितला. म्हणान तर मागतंय."

नाना वर्गात गेले. बाहेर गुरुजींचा आवाज चढला होता. चाचणी परीक्षा कशी घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा, असं ते सुंदराबाईंना सांगत होते. सुंदराबाई तणतणत होत्या.

मधल्या सुट्टीची घंटा पाच मिनिटं आधीच झाली. नाना खुर्चीतून अर्धे उठले. दाराकडं बघितलं. मग पोरांना म्हणाले, "जा रे, सुट्टी झाली," आणि परत खाली बसले.